कुरायच्या पुढचा सरळ रस्ता

सैबेरियातल्या बियस्क गावापासून मंगोलियाच्या सीमेपर्यंत जाणारा चुया महामार्ग मी कार्ल्सरूहेमध्ये, आमच्या बैठकीच्या खोलीत, सात आठवड्यांत बांधला. मूळ रस्त्याला बरीच वर्षं लागली होती आणि त्यासाठी कैद्यांकडून डोंगर फोडून घेतले होते. माझ्याकडे लॅपटॉप होता आणि शनिवार-रविवार होते. सहाशे किलोमीटर रस्ता, दोन मोठे घाट, दोन नद्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई ऑफिसात मारून झाली आहे.

रस्ता खालच्या आजोबांसाठी होता. आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर. जन्म अल्ताय पर्वताच्या पायथ्याशी, पण घरात बोलायचे जर्मन, कारण पणजोबांच्याही आधी कोणीतरी इथून तिकडे शेती करायला गेलं होतं. मग तिकडचा देश मोडल्यावर हे सगळे परत इकडे आले. त्यामुळे आजोबांचं जर्मन पणजोबांच्या काळचं होतं आणि राग आला की रशियन. माझं जर्मन ऑफिसपुरतं. आमचं छान जमायचं, कारण दोघंही सावकाश बोलायचो आणि तिसऱ्या कोणाला आमचं कळायचं नाही.

तरुणपणी वीस-बावीस वर्षं त्यांनी चुया महामार्गावर ट्रक चालवला. मंगोलियाकडे माल न्यायचा, तिकडून लोकर आणायची. आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीची किल्ली मुलीला देऊन टाकली. मुलगी उत्तरेला, हॅम्बुर्गच्या पलीकडे राहायची. ऑक्टोबरच्या शेवटी ती त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होती.

ही सगळी माहिती मला जिना पुसताना मिळाली. आमच्या इमारतीत जिना पुसण्याची पाळी असते, केरवोखे म्हणतात तिला, आणि माझ्या पाळीला आजोबा दारात खुर्ची टाकून देखरेख करायचे. त्या दिवशी ते म्हणाले, “जायच्या आधी एकदा तो रस्ता करायचा होता. अगदी शेवटपर्यंत. लढाईमुळे आता तिकडे विमानं जात नाहीत. जात असती तरी हे गुडघे विमानात चढत नाहीत.”

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं होतं. पण माझ्या हातात फडकं होतं, आणि फडकं हातात असलेल्या माणसाला आपण आणखीही बरंच काही करू शकतो असं वाटत असतं. मी म्हणालो, “तुम्ही जाऊ नका. रस्ता मी इथे आणतो.”

घरी बायको म्हणाली, “तू बाल्कनीतला दिवा जूनपासून बसवतोयस.”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. डोंगरांच्या उंचीची माहिती फुकट मिळते, रस्त्यांचे नकाशे फुकट मिळतात, लोकांनी टाकलेले फोटो आहेतच. गेम बनवायची साधनं मला थोडीफार येत होती. उंचीवर नकाशा अंथरायचा, त्यावर रस्ता ओढायचा, कडेला झाडं लावायची. झाड मी एकच बनवलं आणि ते हजारो वेळा चिकटवलं. आजोबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते म्हणाले, “ही सगळी झाडं भावंडं आहेत.” मी काही झाडं आडवी-तिरकी फिरवली, मग ती चुलत भावंडं दिसायला लागली.

स्टिअरिंग, तीन पेडल, गिअरचा दांडा आणि हँडब्रेक असा संच मी मागवला होता. तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. सासूबाई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलेल्या स्टिअरिंगला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूचं फूल. शेजारी माझा लॅपटॉप, बायकोचा मिक्सर आणि शिवणाचा डबा, तेही सजलेले.

“आई, ते खेळण्यातलं आहे,” मी म्हणालो.

“अहो, त्यावर माणूस बसून सहाशे किलोमीटर जाणार ना? मग वाहनच झालं ते.”

ट्रॅफिकचे नियम माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतात असं मी धरून चाललो.

पूर्ण रस्ता व्हायची वाट न बघता तुकड्या-तुकड्यांनी द्यायचा, असं मी ठरवलं होतं. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत असंच करतात. पहिल्या रविवारी नाश्त्यानंतर आजोबा लिफ्टने वर आले. इस्त्रीचा शर्ट, वर लोकरीचं जाकीट. त्यांनी सपाता काढल्या, मोज्यांनी तिन्ही पेडल दाबून बघितले, स्टिअरिंगवरच्या कुंकवाला बोट लावलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. त्यांच्याकडेही घाटमाथ्यावर ड्रायव्हर गाडी थांबवून झाडाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायचे. ते केल्याशिवाय पुढे गेलं तर डोंगराला राग येतो.

बियस्क सोडल्यावर शंभर किलोमीटर त्यांनी मला इंजिनच्या आवाजावरून झापलं. माझ्या ट्रकचा आवाज म्हणे शिवणयंत्राचा होता. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ट्रक आधी दम घेतो, हा घेत नाही. मी लिहून घेतलं. उतारावर मात्र ते जीभ दातांत धरून, डोळे बारीक करून चालवत राहिले. घामाचा थेंब मी त्यांच्या कानाजवळ स्वतः बघितला. समोर आमचा टीव्ही होता, त्याच्या खाली शू रॅक.

सेमिन्स्की घाटाच्या माथ्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला आणि खिशातून काही निघतंय का बघायला लागले. सासूबाईंना न सांगता कळलं. त्यांनी आत जाऊन जुन्या पांढऱ्या ओढणीची पट्टी टर्रकन फाडली आणि आणून दिली. आजोबांनी ती आमच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडला बांधली, माझ्या बनियनच्या शेजारी. मग ते आणि सासूबाई दोघांनी मिळून तिला नमस्कार केला. सासूबाईंना जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही. पण त्या “अहो भाऊ, चहा घ्या” म्हणाल्या की ते “जा, जा” म्हणत कप पुढे करायचे, आणि हे “जा” म्हणजे “हो” आहे हे सासूबाईंना सांगूनही पहिले काही दिवस त्या दाराकडे बघायच्या.

दुसऱ्या रविवारी चिके-तामानचा घाट झाला आणि दोन नद्यांचा संगम. संगमाला एक नदी, चुया, गढूळ आणि दुसरी, कातुन, हिरवी असते. मी दोन्ही निळ्या केल्या होत्या. आजोबांनी ट्रक थांबवून पाच मिनिटं मला रंग समजावून सांगितला, शेवटी सासूबाईंच्या खणाच्या साडीच्या काठावर बोट ठेवलं. “हा.” तो रंग मी फोटो काढून घेतला आणि कातुन नदीत ओतला. इमारतीतल्या कोणीतरी आमच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली होती की रविवारी शांततेच्या वेळात ट्रकचा आवाज येतो. मी आवाज कमी केला. आजोबांनी पुन्हा वाढवला.

तर सगळं मजेत चाललं होतं. मग त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. सामान न्यायला मोठी गाडी आधीच्या शनिवारी मिळत होती, म्हणून जायचं एक आठवडा अलीकडे आलं. म्हणजे आजोबांकडे एकच रविवार उरला आणि माझ्याकडे दीडशे किलोमीटर रस्ता, जो अजून बांधलेलाच नव्हता.

अशा वेळी काय करायचं हे मला नीट येतं. बारा वर्षं मी तेच करतोय. तारीख हलत नसेल तर काम कापायचं. समोरच्याला दाखवताना ज्याच्यावाचून अडणार नाही ते काढून टाकायचं, आणि जे उरतं तेच पहिल्यापासून ठरलं होतं अशा चेहऱ्याने उभं राहायचं. मी लोकांनी टाकलेले फोटो उघडून बसलो. कुराय गावापर्यंत डोंगर, नदी, वळणं, सगळं हवंच. सीमेआधीचं कोश-आगाच हे मोठं गाव, तेही हवं. पण या दोघांच्या मध्ये साठ-सत्तर किलोमीटर बहुतेक माळ. एक फोटो उघडला: सरळ रस्ता, गवत, विजेचा खांब. दुसरा उघडला: सरळ रस्ता, गवत, खांब. विसावा फोटोही तोच. मी तो माळ उचलून बाजूला ठेवला आणि कुरायचं शेवटचं वळण थेट कोश-आगाचच्या पाटीला जोडलं. कोणाला कळणार होतं? ज्याला वळणांचा रस्ता आवडतो त्याला माळाचं काय. आजोबांना मी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

तिसऱ्या रविवारी ते आले ते दाढी घोटून. म्हणाले, “आज पोचायचं.” डोंगरातलं सगळं त्यांनी झपाट्याने केलं. कुराय आलं. गाव मागे पडलं, शेवटचं वळण आलं. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी आधीच्या सगळ्या रस्त्यात एकदाही केली नव्हती: ते पाठ टेकून बसले. डावा हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला. “आल्झो,” म्हणाले, जसं आपण “चला” म्हणतो, आणि हसले.

समोर कोश-आगाचची पाटी आली.

त्यांनी ब्रेक मारला. ट्रक पाटीपाशी थरथरत उभा राहिला. सासूबाईंनी विचारलं, “पोचलो का?”

आजोबा पाटी वाचत होते. बराच वेळ वाचली. मग म्हणाले, “नाही. इथे आधी रस्ता सरळ असतो. पुष्कळ असतो.”

“तो भाग काढला,” मी म्हणालो. “वेळ कमी होता. आणि तिथे तसं काहीच नव्हतं.”

“जा,” ते म्हणाले. “काहीच नव्हतं. म्हणून तर तिथे शिकवलं.”

मग त्यांनी सांगितलं. तेही हवा कशी आहे ते सांगावं तसंच. उन्हाळ्यात ते बायकोला ट्रकमध्ये घेऊन जायचे. परवानगी नव्हती, पण न्यायचे. डोंगरातून ते चालवायचे आणि कुरायचं वळण संपलं की गाडी थांबवून जागा बदलायचे. तिथून कोश-आगाचपर्यंत ती चालवायची. असे तीन उन्हाळे. धडकायला तिथे खांबांशिवाय काही नव्हतं, आणि एक खांब तिने पाडलाही. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीतला तेवढाच रस्ता त्यांनी पगारासाठी केला नव्हता. बायको जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तिचा फोटो त्यांच्या दारातून आत बघितलं की दिसायचा. मी तो शंभर वेळा बघितला असेन आणि एकदाही काही विचारलं नव्हतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रशियनमध्ये शिव्या खायला तयार होतो. पण त्यांनी बटण दाबून इंजिन बंद केलं, चहा संपवला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “फार सुंदर रस्ता केलास.” मग सपाता घालून लिफ्टने खाली गेले. सीमा अजून पन्नास किलोमीटर पुढे होती. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात बायको म्हणाली, “तू त्यांना विचारलं होतंस का, काय ठेवायचं ते?”

“वेळ कुठे होता?”

“विचारायला किती वेळ लागतो रे?”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जाऊन बाल्कनीतला दिवा बसवला. तो दहा मिनिटांत बसला. त्यानेही बरं वाटलं नाही.

सोमवारी मी ऑफिसात दोन दिवसांची सुट्टी मागितली. साहेबांनी कारण विचारलं. एक माळ राहिलाय असं जर्मनमध्ये कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून खासगी कारण सांगितलं. मग वही-पेन घेऊन तळमजल्यावर गेलो. ग्राहकाला आधी विचारा, मग बांधा, असं मी नव्या पोरांना दर महिन्याला शिकवतो. त्यासाठी माझ्याकडे वीस स्लाइड आहेत.

आजोबा खोक्यांच्या मध्ये बसून पेल्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होते. मी विचारलं, “तिथे काय होतं, ते सांगता?” त्यांनी मला एक खोकं बसायला दिलं आणि दीड तास सांगितलं. गवत हिरवं नाही, जुलैतच पिवळं पडतं. खांब एका बाजूला, लाकडी, तिसरा-चौथा थोडा कललेला. कललेल्यांतला एक कोणामुळे ते आम्हा दोघांना माहीत होतं. घोडे रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि हलत नाहीत. आणि उजव्या हाताला, पूर्ण रस्ताभर, बर्फाच्या डोंगरांची रांग. “चालवणाऱ्याला ती नीट दिसत नाही,” ते म्हणाले. “बाजूला बसलेल्याला दिसते.”

मंगळवार-बुधवार मी माळ केला. ज्या जागी काहीच नाही ती बांधायला सगळ्यात कठीण असते हे मला तेव्हा कळलं. वळणावर चूक लपते, माळावर कुठे लपणार? गवताचे रंग मी सतरा वेळा बदलले. खांब हाताने एकेक कलता केला. घोडे आयते मिळाले, पण ते शर्यतीचे होते, त्यांना जाडं आणि आळशी करावं लागलं. आणि बर्फाच्या रांगेसाठी ऑफिसातून एक जास्तीचा स्क्रीन आणून टीव्हीच्या उजव्या बाजूला काटकोनात उभा केला, म्हणजे बाजूच्या खिडकीतून दिसावं तसं दिसेल. त्या डोंगरांवर मी फार जीव लावला. शिखर न् शिखर जागच्या जागी होतं.

शुक्रवारी दुपारी आजोबा वर आले. खालचं घर खोक्यांत भरून झालं होतं, शनिवारी सकाळी गाडी यायची होती. मी कुरायच्या वळणाच्या अलीकडे ट्रक उभा करून ठेवला होता. ते चालकाच्या खुर्चीत बसले, वळण घेतलं, आणि समोर माळ आला तसा ट्रक कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. मग उठले. टेबलाची एक खुर्ची ओढत उजव्या बाजूला नेली आणि तिच्यात बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“इथून मी या बाजूला,” ते म्हणाले.

मी स्टिअरिंगकडे निघालो. त्यांनी मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. रिकाम्या खुर्चीवर दोनदा थोपटलं.

“अगं बाई, मी?” सासूबाई म्हणाल्या. “अहो, मला सायकलसुद्धा येत नाही. यांना सांगा हो कोणीतरी.”

त्यांनी एकदा लेकीकडे बघितलं, पदर खोचला, चपला काढल्या आणि बसल्या.

ट्रक तीनदा बंद पडला. दर वेळी आजोबा “निचिवो” म्हणाले, म्हणजे असू दे, आणि वाकून कुठला पाय कधी उचलायचा ते स्वतःच्या पायाने जमिनीवर दाखवलं. “थांबा हो भाऊ, घाई करू नका,” सासूबाई म्हणाल्या. चौथ्यांदा ट्रक हलला. पहिल्या गिअरमध्ये बरंच अंतर, मग दुसऱ्यात. ते रशियनमध्ये सांगत होते, त्या मराठीत उलट बोलत होत्या, आणि ट्रक पांढऱ्या रेघेच्या जवळपास राहून तीसच्या वेगाने माळावरून चालला होता. घोडे आडवे आले. सासूबाई थांबल्या. हॉर्न कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि आजोबांनी दाखवला नाही. घोडे त्यांच्या सवडीने गेले.

मी उजव्या स्क्रीनच्या बाजूला उभा होतो. बर्फाची रांग सरकत होती, मला खरंच वाटलं की एवढं चांगलं मी काही केलेलं नाही. आजोबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी एकदाही तिकडे बघितलं नाही. ते सासूबाईंच्या पायांकडे बघत होते, मग हातांकडे, मग चेहऱ्याकडे.

पुढे रस्ता थोडा उतरतो, तिथे ट्रक वेग घ्यायला लागला. इंजिन ओरडत होतं, सासूबाईंना काय करायचं कळेना. आजोबांनी हात पुढे केला, गिअरच्या दांड्यावरच्या सासूबाईंच्या हाताजवळ नेला, पण ठेवला नाही. हळूच एका नावाने हाक मारली. ते नाव आमच्या सासूबाईंचं नव्हतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

सासूबाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. “ओ,” म्हणाल्या, आणि क्लच दाबून गाडी तिसऱ्यात टाकली.